आधी आजार बघा, मग वजन

‘आधी दहा किलो वजन कमी करा, मग बघू.’ पाळी तीन-तीन महिने येत नाही म्हणून दवाखान्यात गेलेल्या अनेक मुलींना मिळणारा हा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा सल्ला असतो. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ असे लिहून आलेले असते. पाळी आणण्यासाठी काही दिवसांच्या गोळ्या मिळतात, चिठ्ठीच्या तळाशी ‘वजन कमी करणे’ अशी ओळ असते आणि ते कसे करायचे, याचे उत्तर मुलीने स्वतःच शोधायचे असते. ती ते शोधते. मोबाइलवर, मैत्रिणींकडे, जिममधल्या ट्रेनरकडे, शेजारच्या काकूंकडे. आधी रात्रीचे जेवण बंद होते, मग भात, मग पोळी. दोन महिन्यांत तीन किलो उतरतात आणि पुढच्या चार महिन्यांत पाच किलो चढतात. त्यानंतर ती दवाखान्यात जायचेच टाळते, कारण तिथे सगळ्यात आधी वजनकाट्यावर उभे राहावे लागते.

हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या खोटा नाही. जास्त वजन असलेल्या स्त्रीचे वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटले, तरी पाळी नियमित होण्याची शक्यता वाढते आणि साखर, रक्तदाब यांतही सुधारणा दिसते. चूक आहे ती क्रमाची. या आजारात वाढलेले वजन हे कारण असते, तसा तो परिणामही असतो. वजन उतरवल्याशिवाय पुढचे बोलणेच नाही, ही अट म्हणजे ताप उतरल्यावर औषधाला या, असे सांगण्यासारखे आहे. ही अट पूर्ण न झाल्यामुळे ज्या तपासण्या आणि जे उपचार पहिल्या भेटीतच व्हायला हवेत, ते वर्षानुवर्षे राहून जातात. त्याची किंमत ती मुलगी पुढे मधुमेहाच्या, गर्भारपणातल्या साखरेच्या आणि स्वतःवरच्या रागाच्या रूपाने मोजते.

नावाने केलेली दिशाभूल

शिकागोमधल्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. पाळी न येणे आणि मोठी झालेली अंडाशये असे त्यांचे दुखणे होते. तेव्हापासून हा आजार अंडाशयाचा म्हणून ओळखला गेला आणि ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी’ हे नाव चिकटले. त्यात दोन गैरसमज आहेत. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ या गाठी नसतातच. ती अर्ध्यावर वाढ थांबलेली, स्त्रीबीज असलेली छोटी पुटके असतात. ती कापून काढायची नसतात आणि त्यांचा कर्करोगही होत नसतो. दुसरे म्हणजे, आजाराचे मूळ फक्त अंडाशयात नाही. बहुतेक जणींच्या बाबतीत इन्सुलिन या संप्रेरकाचा त्यात मोठा वाटा आहे.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींपर्यंत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा झाल्या, की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते. यालाच ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणतात. या काळात साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, कारण जास्तीचे इन्सुलिन ती ताब्यात ठेवत असते. पण त्या जास्तीच्या इन्सुलिनचे इतर परिणाम थांबत नाहीत. ते अंडाशयातील पेशींना पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. यकृतात तयार होणारे आणि या संप्रेरकांना बांधून ठेवणारे एक प्रथिन ते कमी करते, त्यामुळे रक्तात मोकळी फिरणारी पुरुषी संप्रेरके वाढतात. हनुवटीवर केस, चेहऱ्यावर मुरमे, डोक्यावरचे केस विरळ होणे आणि बीज वेळेवर बाहेर न पडल्यामुळे पाळी लांबणे ही सगळी त्याचीच फळे. शिवाय शरीरात इन्सुलिन सतत जास्त असले, की चरबी साठवली जाते आणि साठलेली चरबी सहजी बाहेर पडत नाही. पोटावरची चरबी वाढली, की पेशी इन्सुलिनला आणखी कमी दाद देतात. असे हे रहाटगाडगे फिरत राहते.

अँड्रिया ड्युनेफ या अमेरिकी संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्येच दाखवून दिले होते, की या स्त्रियांमधला इन्सुलिन रेझिस्टन्स केवळ लठ्ठपणामुळे आलेला नसतो. सडपातळ स्त्रियांमध्येही तो आढळतो. वजनामुळे तो अधिक बिघडतो, एवढेच. हे कळून तीन दशके उलटली, तरी आपल्याकडे आजाराचा सगळा हिशेब वजनकाट्यावरच मांडला जातो.

बारीक मुलीचे काय?

मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीचा समावेश असलेल्या रॉटरडॅम निकषांनुसार त्यांतल्या २२.५ टक्के मुलींना पीसीओएस असल्याचे दिसले. पुरुषी संप्रेरकांवर भर देणारे अधिक कडक निकष लावल्यावर हे प्रमाण १०.७ टक्के झाले. पण त्यातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. रॉटरडॅम निकषांत बसलेल्या मुलींपैकी ७१.८ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. ‘वजन कमी करा’ हा एकच सल्ला ज्या दवाखान्यात मिळतो, तिथे या मुलींना सांगण्यासारखे काही उरतच नाही. ‘तू तर बारीकच आहेस, लग्न झालं की होईल सगळं सुरळीत,’ असे म्हणून त्यांची बोळवण होते.

भारतीय शरीराबाबत वजनकाटा किती फसवा असतो, हे पुण्याइतके दुसऱ्या कुठे स्पष्ट झाले नसेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखेच, आतून मात्र वेगळे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांच्या अभ्यासात तर ही गोष्ट जन्मापासूनच दिसली. ही बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. पण पुण्याची बाळे कमी वजनाची असूनही त्यांच्या शरीरातली चरबी तुलनेने राखलेली होती. कमी होते ते स्नायू.

याचा अर्थ असा, की इन्सुलिनला कमी दाद देण्याकडे असलेला कल अनेक जण जन्मतःच घेऊन येतात. ‘तोंडावर ताबा नाही म्हणून हे झालं,’ असे मुलीला सुनावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानला जातो आणि स्त्रीच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे म्हटले जाते, ते याच कारणाने. घरातली साधी शिवणकामाची टेप कित्येकदा काट्यापेक्षा जास्त सांगून जाते. मानेवर, काखेत दिसणारी काळपट, मखमली जाडसर त्वचाही तितकीच बोलकी असते. ती मळ समजून आई लिंबू आणि उटणे लावून घासत बसते. मुळात ती जास्तीच्या इन्सुलिनची खूण असू शकते.

पहिल्या भेटीत काय व्हावे?

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ मध्ये पीसीओएसची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सुधारण्यात आली. त्यातल्या बऱ्याच गोष्टी कुठल्याही तालुक्याच्या गावी करता येण्याजोग्या आहेत. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा तसा रिपोर्ट आणि सोनोग्राफीतले विशिष्ट चित्र किंवा एएमएच या संप्रेरकाची वाढलेली पातळी. त्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे बिघाड नाहीत ना, हे पाहायचे असते. पाळी सुरू होऊन आठ वर्षे झालेली नाहीत अशा मुलींमध्ये सोनोग्राफीवरून निदान करू नये, कारण त्या वयात अंडाशयात पुष्कळ पुटके दिसणे स्वाभाविक असते. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात सोनोग्राफीचा कागद देऊन तिला आयुष्यभराचा शिक्का मारणे आणि पंचवीस वर्षांच्या मुलीला ‘वजन कमी कर’ म्हणून परत पाठवणे या दोन्ही चुका एकाच घाईतून होतात.

निदान झाले, की वजन काहीही असले तरी साखर तपासायला हवी. उपाशीपोटीचा आकडा बऱ्याचदा फसवतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी अधिक खात्रीची मानली जाते आणि जोखमीनुसार ती दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करायची असते. सोबत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल. याउलट ‘फास्टिंग इन्सुलिन’सारख्या ज्या तपासण्या पॅकेजमध्ये घालून विकल्या जातात, त्यांची रोजच्या उपचारांत गरज नाही. त्या पुरेशा अचूक नसतात आणि त्यांच्यामुळे उपचार बदलत नाहीत. दोन हजारांचे पॅकेज घेणाऱ्या मुलीची ग्लुकोजची साधी तपासणी राहून गेलेली असते, असे चित्र दिसू नये.

वर्षातून आठपेक्षा कमी वेळा पाळी येत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचीही काळजी घ्यावी लागते. पाळी न आल्याने अस्तर वाढत राहते आणि दीर्घकाळ असेच चालले तर त्यात घातक बदल होण्याचा धोका वाढतो. हा धोका तरुण वयात कमीच असतो, म्हणून घाबरायचे कारण नाही. पण ‘पाळी नाही तर बरंच की, कटकट गेली,’ असे म्हणून वर्ष काढणेही बरोबर नाही. गर्भनिरोधक गोळ्या इथे उपयोगी पडतात. त्या घेतल्याने पुढे मूल होत नाही, ही भीती निराधार आहे. मात्र या गोळ्या पाळी आणि पुरुषी संप्रेरके ताळ्यावर आणतात, इन्सुलिनचा प्रश्न सोडवत नाहीत, हेही मुलीला स्पष्ट सांगायला हवे.

ताटात काय, किती?

या आजारासाठी एकच एक खास आहार जगात कुठेही सिद्ध झालेला नाही. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हे स्पष्ट म्हटले आहे. गव्हाची पोळी, दूध, फळे एकदम बंद करायला लावणाऱ्या, ‘२१ दिवसांत पीसीओडीतून मुक्ती’ अशी जाहिरात करणाऱ्या योजनांना त्यामुळे आधार नाही. उलट अशा उपासमारीने स्नायू झडतात, भूक उसळून येते आणि वजन व्याजासह परत येते.

आपल्या जेवणाचा खरा प्रश्न वेगळा आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी सर्वेक्षणाचे विश्लेषण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि त्यात पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये, साखर यांचा मोठा भाग असतो, असे त्यात दिसले. मराठी घरातला दिवस डोळ्यांसमोर आणला, तर हे पटते. सकाळी चहा-बिस्किटे, मग पोहे किंवा उपमा, दुपारी चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा आणि खारी, रात्री आमटी-भात. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्या ताटात डाळ-उसळ तोंडी लावण्यापुरती असते.

म्हणून बदल हवा तो ताटातल्या वाटणीत. उसळ, घट्ट वरण, पिठले, दही-ताक, अंडी, मासे यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात पोटभर असावे. पालेभाजी आणि कोशिंबीर आधी, पोळी-भात नंतर आणि थोडा कमी. पोहे करायचेच तर त्यात मटार, शेंगदाणे, सोबत एक अंडे किंवा वाटीभर मोड आलेले मूग. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण तीही मोजून. चहातली साखर निम्मी झाली, तरी वर्षभरात फरक दिसतो. यातले काहीच नवे नाही, महाग नाही आणि घरात वेगळे शिजवावे लागत नाही. पण ज्या घरात सगळ्यांची जेवणे झाल्यावर बाई बसते आणि तिच्या वाट्याला उसळीचा रस्सा आणि उरलेला भात येतो, तिथे आहाराचा कागद भिंतीवरच राहतो. तो सल्ला डॉक्टरांनी मुलीला एकटीला देऊन भागत नाही. स्वयंपाक कोण ठरवते, हे विचारावे लागते.

व्यायामाचेही तसेच. जेवणातून आलेली साखर सर्वाधिक वापरतात ते स्नायू आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी मदत नसतानाही साखर ओढून घेतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचे महत्त्व यातच आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे किंवा तत्सम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, एवढे किमान हवे. दुसरा भाग आपल्याकडे हमखास गळतो. मुलींनी वजने उचलली तर त्या पुरुषी दिसतील, ही समजूत अजून जिवंत आहे. प्रत्यक्षात उठाबशा, भिंतीला टेकून मारलेले दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यानेही सुरुवात होते. स्नायू वाढले, की काट्यावरचा आकडा कदाचित हलत नाही, पण कंबर कमी होते आणि साखर ताब्यात येते. काट्यालाच प्रमाण मानणारी मुलगी नेमकी याच टप्प्यावर ‘काहीच फरक पडत नाही’ म्हणून सोडून देते.

इथे घराचा आणि गावाचाही संबंध येतो. दिवेलागणीच्या आत घरी ये म्हणायचे आणि व्यायाम करत नाहीस म्हणून रागवायचे, हे एकाच वेळी चालत नाही. चालायला फुटपाथ नाही, मैदान मुलांनी व्यापलेले, जिमची फी परवडत नाही, रात्रपाळीच्या नोकरीत झोपेचा पत्ता नाही. यातले बरेचसे त्या मुलीच्या इच्छाशक्तीच्या हाताबाहेरचे आहे.

औषध म्हणजे पराभव नव्हे

मेटफॉर्मिन ही जुनी आणि स्वस्त गोळी इन्सुलिनचे काम सोपे करते. वजन तिने फारसे उतरत नाही, पण साखर आणि पाळी या दोन्हींना मदत होते. तरीही ‘एवढ्या लहान वयात शुगरची गोळी?’ असे कुणीतरी म्हणते आणि पहिल्या पंधरवड्यातल्या मळमळीचे निमित्त होऊन ती बंद पडते. कमी मात्रेने सुरू केली, जेवणासोबत घेतली तर हा त्रास बहुधा कमी होतो. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी मुलींनी, बी १२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे, एवढे पथ्य.

नव्या इंजेक्शनांची चर्चा आता घराघरांत पोहोचली आहे. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. ती प्रभावी आहेत, यात शंका नाही आणि ज्यांचे वजन खूप जास्त आहे अशा पीसीओएसच्या स्त्रियांसाठी त्यांचा विचार करायला मार्गदर्शक तत्त्वांचीही हरकत नाही. पण ती लग्नाआधी चार महिने घ्यायची सौंदर्यप्रसाधने नव्हेत. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आल्याचे चाचणीत दिसले आहे. चरबीबरोबर स्नायूही कमी होतात, म्हणून प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम सोडता येत नाही. ही औषधे घेताना गर्भधारणा टाळायची असते आणि टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. वजन उतरले की बंद पडलेली पाळी सुरू होऊन अनपेक्षितपणे दिवस राहू शकतात. यातली प्रत्येक गोष्ट औषध लिहून देणाऱ्याने आधी सांगायला हवी.

औषध घेणे म्हणजे आपण कमी पडलो, ही भावना मात्र आधी डोक्यातून काढायला हवी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईला कुणी ‘मनाचा निश्चय कर, गोळी कशाला’ असे म्हणत नाही. इन्सुलिनच्या बिघाडालाही तोच न्याय हवा.

टोमण्याने वजन उतरत नाही

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाला चार-पाच मिनिटे मिळतात. आहारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणीही सहजी भेटत नाही. ‘वजन कमी करा’ हे चार-पाच मिनिटांत सांगता येण्याजोगे एकमेव वाक्य असते आणि ते बहुधा काळजीपोटीच म्हटलेले असते. शिवाय ‘वजनाला काही अर्थ नाही’ असे सांगणेही मुलींची फसवणूक ठरेल. पोटावरची चरबी इन्सुलिनचा बिघाड वाढवते, ही वस्तुस्थिती कुणाच्या भावना जपण्यासाठी लपवू नये.

पण खरे बोलणे आणि टोचून बोलणे यांत अंतर आहे. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते आणि निदान होताच त्याची चौकशी करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वजनावरून होणाऱ्या अवहेलनेची दखलही त्यांनी घेतली आहे. आपल्याकडे ही अवहेलना दवाखान्यात सुरू होत नाही, तिथे ती फक्त चालू राहते. तिची सुरुवात घरात, समारंभात, स्थळ बघताना होते. फोटो बघून ‘मुलगी जरा अंगानं भरलेली आहे’ म्हणून नकार कळवला जातो. हनुवटीवरचे केस लपवण्यासाठी मुलगी कॉलेजातही ओढणी सावरत बसते. पीसीओडी हा शब्द सासरच्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून फाइल कपाटात तळाशी जाते आणि उपचार थांबतात. प्रत्यक्षात योग्य उपचारांनी यातल्या बहुतेक जणींना मूल होते. लपवण्यामुळे नुकसान होते ते त्यांच्या साखरेचे, अस्तराचे आणि मनाचे.

यात व्यवस्थेचीही एक मोठी फट आहे. किशोरवयीनांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. मधुमेह आणि रक्तदाबाची सरकारी सामूहिक तपासणी सुरू होते वयाच्या तिशीनंतर. पीसीओएसचे दुखणे घेऊन मुली डॉक्टरांकडे येतात त्या प्रामुख्याने मधल्या दहा वर्षांत आणि नेमकी तीच वर्षे कुणाच्याच खात्यात नाहीत. या वयातल्या बहुतेकींची साखर पहिल्यांदा तपासली जाते ती दिवस गेल्यावर. तेव्हा ती वाढलेली सापडली, तर आई आणि बाळ या दोघांच्याही आरोग्याचा प्रश्न होतो. अनियमित पाळीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलीची, मग ती वीस वर्षांची असो वा पंचवीस, साखर, रक्तदाब आणि कंबरेचा घेर आरोग्यकेंद्रात मोफत तपासला जाणे अवघड नाही. यंत्रणा आहे, उपकरणे आहेत, आशाताई आहेत. वयाची अट तेवढी या मुलींसाठी खाली आणायची आहे.

वजनाचे उद्दिष्टही माणसाच्या आवाक्यातले हवे. ७६ किलोच्या मुलीला ५६ किलोची व्हायचे नसते. सहा महिन्यांत चार किलो कमी झाले, तर तिचे पाच टक्के पूर्ण होतात आणि तेवढ्यानेही शरीर बदलू लागते. चार किलो नाही उतरले, पण कंबर तीन सेंटिमीटरने कमी झाली, पाळी पस्तीस-चाळीस दिवसांवर आली, दोन तासांची साखर खाली आली, जिना चढताना दम लागेनासा झाला, तर उपचार चालू आहेत आणि चांगले चालू आहेत, असेच समजायचे. दर भेटीच्या कागदावर हे आकडे वजनाच्या वरच्या ओळीत लिहिले जायला हवेत.

तोवर मुलींनी आणि त्यांच्या आयांनी एवढे नक्की करावे: पुढच्या भेटीत ‘वजन कमी करा’ असे ऐकू आले, तर उठण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. साखरेची दोन तासांची तपासणी कधी करायची? पाळी आली नाही तर किती दिवस थांबायचे? आणि वजन उतरेपर्यंत कोणता उपचार चालू ठेवायचा? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळणे हा प्रत्येक रुग्णाचा हक्क आहे, मग तिचे वजन कितीही असो.